कल्पित भाषेला कर्मणी प्रयोग हवा का?

खारफुटी (बोरिवली)

नमस्कार.

कुमारवयीन वाचकांसाठी मी एक कादंबरी लिहीत आहे. तिच्यातली माणसे खाडीच्या मुखाशी असलेल्या बेटांवर राहतात आणि त्यांची भाषा मी स्वतः रचते आहे. सर्वनामे, काळ, आज्ञार्थ आणि संख्यावाचक शब्द मनासारखे जमले आहेत. घोडे अडले आहे ते प्रयोगापाशी.

या भाषेत नामांना विभक्तिप्रत्यय नाहीत. कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचा क्रम ठरलेला आहे आणि कोण कोणाला काय करतो हे त्या क्रमावरूनच कळते. 'सुवा' म्हणजे कोळी, 'मोळ' म्हणजे जाळे आणि 'दिर' म्हणजे ओढणे; तेव्हा 'सुवा मोळ दिर' म्हणजे कोळी जाळे ओढतो. याची कर्मणी रचना मी 'मोळ सुवा-नु दिरे' अशी ठरवली. कर्म पुढे आले, कर्त्याला 'नु' हा प्रत्यय लागला आणि धातूला 'ए' जोडला गेला. नियम म्हणून यात खोट काढण्यासारखे काही नाही. परंतु या रचनेतले संवाद मराठीत उतरवून शेजारी ठेवले की बेटावरची आजी 'माझ्याकडून भात शिजवला गेला' असे परिपत्रकाच्या थाटात बोलू लागते. आपल्याकडची कोणतीही आजी असे बोलत नाही. ती 'भात झाला' म्हणते आणि ताटे मांडायला सांगते.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की नैसर्गिक भाषा कर्मणी प्रयोग नेमका कशासाठी वापरतात, आणि एखाद्या भाषेत तो मुळीच नसेल तर तिचे काही अडते का. ज्यांनी यापूर्वी भाषा रचल्या, मग त्या जगाला जोडण्यासाठी असोत वा चित्रपटासाठी, त्यांनी या बाबतीत काय केले हेही जाणून घ्यायचे आहे. मराठीचा विचार यात आधी व्हावा अशी माझी इच्छा आहे, कारण ही भाषा वाचणारी मुले मराठी असतील आणि तिचे वेगळेपण त्यांना मराठीच्या कानानेच जाणवणार आहे.


जुनी पाटी (गिरगाव)

मी अनेक वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले, त्यामुळे या प्रश्नाने फार आनंद झाला.

पहिली गोष्ट अशी की मराठी आजी कर्मणी प्रयोगात बोलत नाही, हे मला मान्य नाही. ती 'मी भात शिजवला, भाजी केली, पापड तळले' असे म्हणते तेव्हा क्रियापदाचे लिंग आणि वचन भात, भाजी व पापड यांच्यामागे जाते, तिच्यामागे नाही. हा कर्मणी प्रयोगच होय, आणि तो आपल्या भूतकाळाचा कणा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण मुंबईत 1836 मध्ये निघाले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्ये. त्या परंपरेत वाढलेल्या आमच्या पिढीला कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तीन प्रयोग श्वासासारखे सवयीचे आहेत.

यातला भावे प्रयोग तर फारच विलक्षण आहे. पाणिनीचे 'लः कर्मणि च भावे चाकर्मकेभ्यः' हे सूत्र असे सांगते की क्रियापद कर्त्याचा किंवा कर्माचा निर्देश करील, आणि धातू अकर्मक असेल तर कर्त्याचा किंवा निव्वळ क्रियेचा. 'मया गम्यते' यात जाणारा तृतीयेत बसतो आणि क्रियापद फक्त 'जाणे घडते आहे' एवढेच सांगते. मराठीने हा वारसा सांभाळला आहे. पसायदानाच्या आरंभी 'विश्वात्मकें देवें' हा कर्ता तृतीयेत आहे आणि 'तोषावें' हे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर आहे. 'तोषणे' हा धातू अकर्मक असल्यामुळे हा भावे प्रयोग झाला. 'उजाडले', 'मळमळते', 'आज सारखे गडगडते आहे' यांत तर कर्ता मुळातच नाही.

जुन्या मराठीत खरा कर्मणी प्रत्ययही होता. संस्कृतातल्या 'य' चे प्राकृतात 'इज्ज' झाले आणि त्यातून 'कीजे', 'बोलिजे', 'जाणिजे' ही रूपे आली. ही रूपे मागे पडली, तरी 'पाहिजे' आणि 'म्हणजे' यांच्या रूपाने त्यांचे अवशेष आपल्या तोंडी रोज असतात. दादरच्या बाजारात कोणी 'मला दोन पिशव्या पाहिजेत' म्हणतो, तेव्हा ते अनेकवचन पिशव्यांचे असते, म्हणणाऱ्याचे नव्हे. म्हणून खारफुटीताईंना माझे सांगणे एवढेच की कर्मणीला परके मानू नका. परका आहे तो 'कडून' आणि 'गेला' यांचा सांधा, ज्याला आमच्या पाठ्यपुस्तकांत नवीन कर्मणी म्हणत आणि जो इंग्रजी वाचनाबरोबर आपल्याकडे फोफावला.


कलिना (सांताक्रूझ)

सरांनी मांडलेली परंपरा मला आदरणीय वाटते, तरीही तिच्यात एक भेद करावा लागेल, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर त्या भेदावरच अवलंबून आहे. 'कर्मणी' या एका नावाखाली आपण दोन गोष्टी एकत्र ठेवत आलो आहोत: क्रियापदाची रूपे कोणामागे चालतात ही एक, आणि वाक्यात मानाची जागा कोणाला मिळते ही दुसरी.

'आईने भाकरी केली' या वाक्यात क्रियापद भाकरीमागे चालते, हे खरे आहे. परंतु 'बाजारातून येऊन आईने भाकरी केली' असे म्हटले की बाजारातून आली ती आई, आणि 'आईने आपली भाकरी खाल्ली' यातले 'आपली' आईकडेच वळते. 'ने' लागल्यामुळे तिचा मान कणभरही कमी झालेला नाही. शिवाय या रचनेत निवड नाही. 'पिणे', 'शिकणे' यांसारखी थोडी क्रियापदे सोडली, तर प्रमाण मराठीत सकर्मक धातू पूर्ण भूतकाळात आला की हीच रचना घ्यावी लागते. 'आई भाकरी केली' असे म्हणण्याची सोयच नाही. ज्याला इंग्रजीत पॅसिव्ह म्हणतात ते नेहमी निवडीने येते: कर्तरी वाक्य हाताशी असताना बोलणारा ते बाजूला ठेवतो, कर्त्याला खाली उतरवतो किंवा गाळतो, आणि कर्माला वर बसवतो. आपल्या भूतकाळातल्या रचनेला आजचे भाषाशास्त्रज्ञ एर्गेटिव्ह म्हणतात. ती हिंदीत आहे आणि स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेतही आहे. मराठीत ती पूर्ण भूतकाळापुरती राहते, बास्कमध्ये सर्व काळांत.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा 'तू पोळी खाल्लीस' या वाक्यात आहे. 'खाल्लीस' मधला 'ली' पोळीचे स्त्रीलिंग दाखवतो आणि शेवटचा 'स' तू या कर्त्याचा आहे. पोळीऐवजी आंबे आले की 'खाल्लेस' होते, पण 'स' जागचा हलत नाही. एकाच क्रियापदावर दोघांची खूण आहे. शालेय व्याकरण याला कर्तृ-कर्मसंकर म्हणते आणि अपवादाच्या कप्प्यात टाकते. मला मात्र यात असे दिसते की मूळचा तृतीयेतला कर्ता हळूहळू आपली जागा परत घेतो आहे. इतिहास सर म्हणतात तोच आहे. 'रामेण रावणो हतः' या रचनेतूनच 'रामाने रावण मारला' आले. पण वाटेत तिचे कार्य बदलले.

आता कर्मणीचे कार्य काय, याकडे वळते. 'वर्ल्ड ॲटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स' या संग्रहात ॲना सिएविएर्स्का यांनी 373 भाषा तपासल्या. त्यांतल्या 162 भाषांत त्यांना कर्मणी रचना आढळली आणि 211 भाषांत आढळली नाही. म्हणजे कर्मणीवाचून भाषेचे अडत नाही, हे निःशंकपणे म्हणता येते. एडवर्ड कीनन यांनी मांडलेला एक नियम तुमच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. ज्या भाषेत कर्त्यासह कर्मणी वाक्य होते, तिच्यात कर्त्याविना कर्मणी वाक्यही होतेच. उलट मात्र होत नाही. लाटवियन भाषेत कर्मणी वाक्यात कर्ता सांगण्याची पद्धत नाही. अभिजात अरबीतही 'कतबा' म्हणजे त्याने लिहिले आणि 'कुतिबा' म्हणजे लिहिले गेले. फक्त स्वर बदलतात, आणि 'कुतिबा' म्हटल्यावर लिहिणाऱ्याचे नाव जोडण्याची रीत नाही. यावरून असे दिसते की कर्त्याला बाजूला सारणे हे या प्रयोगाचे मूळ काम आहे, आणि 'अमक्याकडून' ही पुढे सुचलेली पुरवणी आहे. तुमच्या 'नु' चा फेरविचार मी इथूनच सुरू करीन.

काही भाषांनी या रचनेवर आणखी अर्थ लादले आहेत. जपानीत 'आमे नि फुरारेता' म्हणजे पावसाने मला गाठले आणि माझे हाल झाले. पडणे हे क्रियापद अकर्मक असूनही तिथे कर्मणी प्रत्यय घेते, आणि ज्याला झळ पोहोचली तो माणूस कर्ता होतो. चिनी भाषेतला 'बेइ' बहुतेक अनिष्ट घटनांपुरता वापरला जात असे. विसाव्या शतकात युरोपीय ग्रंथांच्या भाषांतरांमुळे तो साध्या घटनांनाही लागू लागला. सरांनी नवीन कर्मणीविषयी जे सांगितले त्याच्याशी हे किती जुळते! तुर्कीत 'बुरादा सिगारा इचिल्मेझ', म्हणजे इथे सिगारेट ओढली जात नाही, अशी पाटी असते, आणि तिचा अर्थ ओढू नये असा घ्यायचा असतो. जर्मनमध्ये 'एस वुर्ड गेटान्त्स्ट' म्हणजे नाचणे झाले. कोण नाचले ते अध्याहृत. हा सरांच्या भावे प्रयोगाचा सख्खा भाऊच म्हणावा लागेल.


दुभाष्या (फोर्ट)

माझा व्यवसाय सूचना, नोटिसा आणि करारपत्रे मराठीत आणण्याचा आहे, त्यामुळे कर्मणी वाक्यांशी माझा दिवसभर संबंध येतो. मुंबईत ज्या एका घटनेविषयी सतत बोलले जाते तिचेच उदाहरण घेतो. 'इमारत पडली', 'इमारत पाडली', 'इमारत पाडली गेली' आणि 'इमारत पाडण्यात आली' ही चार वाक्ये आहेत. इंग्रजीतून येणारा मसुदा बहुतेक वेळा तिसऱ्या वाक्याकडे ढकलतो, परंतु मराठीला चारही लागतात आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

'पडली' म्हटले की पाडणारा कोणी उरतच नाही. त्या वाक्यात 'मुद्दाम' हा शब्द घालून पाहा. तो बसणार नाही. उरलेल्या तिन्ही वाक्यांत 'मुद्दाम' सहज बसतो, कारण तिथे पाडणारा आहे, फक्त त्याचे नाव घेतलेले नाही. 'आमची इमारत पाडली' असे जुन्या चाळीतला रहिवासी म्हणतो तेव्हा कोणी पाडली हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून 'त्यांनी' हा शब्द गळतो. 'पाडली गेली' मध्ये लक्ष इमारतीच्या नशिबावर असते. 'पाडण्यात आली' मध्ये मात्र कोणीतरी अधिकाराने, ठरवून, रीतसर केलेले कृत्य असते. हा शेवटचा भेद फार काटेकोरपणे पाळावा लागतो. 'अपघातात दोघे मारले गेले' हे वाक्य पुष्कळांना खटकेल, त्याऐवजी 'मृत्युमुखी पडले' म्हणावे असेही कोणी सुचवील. पण 'अपघातात दोघांना मारण्यात आले' असे लिहिले तर अपघाताचा खून होईल. न्यायालयात दाखल होणाऱ्या कागदावर असे वाक्य गेले तर त्याचा परिणाम काय होईल, हे सांगायला नको.

'ण्यात येणे' ची आणखी एक खोड आहे. 'आदेश देण्यात आले', 'सूचना देण्यात आली' येथे क्रियापद कर्मामागे जाते. परंतु 'शिक्षिकांना गौरवण्यात आले' येथे कर्माचा 'ना' तसाच राहतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी होते. कर्ता उतरला, पण त्याच्या जागी कोणी चढले नाही. खुर्ची रिकामीच राहिली. कर्त्याला बाजूला सारणे हे कर्मणीचे मूळ काम आहे, हे कलिना यांचे म्हणणे मराठीच्या आतूनच असे सिद्ध होते; कर्माला वर बसवणे दरवेळी आवश्यक नसते.

राहता राहिले आजीचे बोलणे. मला वाटते की रोजच्या मराठीत पॅसिव्हचे पुष्कळसे काम धातूंच्या जोड्या करतात: फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, सुटणे आणि सोडणे, गळणे आणि गाळणे, फाटणे आणि फाडणे. कर्ता नको असेल तर आपण क्रियापदच दुसरे घेतो. आणि कर्ता हवा, पण त्याच्यावर ठपका नको असेल, तर 'माझ्या हातून कप फुटला' म्हणतो. 'मी कप फोडला' मध्ये गुन्हा आहे. 'हातून फुटला' मध्ये हात माझा, पण इच्छा माझी नाही. इतकी बारीक छटा 'माझ्याकडून कप फोडला गेला' या वाक्यात कुठून येणार? 'भात झाला' हेही याच कुळातले आहे. तुमच्या बेटांवर भरती-ओहोटी, वारा आणि लाटा यांचे राज्य असणार. जिथे निम्म्या गोष्टी माणसाने न करता घडतात, तिथल्या भाषेत अशा जोड्या भरपूर असाव्यात असे मला मनापासून वाटते.


हिरवा तारा (माटुंगा)

जगाला जोडण्यासाठी रचलेली एस्पेरांतो मी शिकलो आहे आणि इतर रचित भाषांची व्याकरणेही आवडीने वाचतो, म्हणून प्रश्नाच्या त्या भागाचे उत्तर देतो.

एकोणिसाव्या शतकातल्या रचनाकारांना कर्मणी हा व्याकरणाचा अनिवार्य भाग वाटत असे, कारण ते ज्या युरोपीय भाषांत वाढले त्या सर्वांत तो होता. योहान श्लायर यांच्या 1880 च्या सुमारास आलेल्या व्होलाप्युक भाषेत 'लोफोब' म्हणजे मी प्रेम करतो आणि 'पालोफोब' म्हणजे माझ्यावर प्रेम केले जाते. आरंभी 'पा' लावला की काम झाले. लुडविक झामेनहोफ यांनी 1887 मध्ये एस्पेरांतो प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या सोळा नियमांत कर्मणीचा नियम होता: 'एस्ती' म्हणजे असणे, त्याच्याबरोबर धातुसाधित, आणि कर्त्यासाठी 'दे' हे अव्यय. 'ला दोमो एस्तास कोन्स्त्रुआता' म्हणजे घर बांधले जात आहे, आणि 'ला दोमो एस्तास कोन्स्त्रुइता' म्हणजे घर बांधलेले आहे.

ही 'आता' आणि 'इता' यांची जोडी पुढे मोठ्या वादाचे कारण झाली. एका पक्षाच्या मते या प्रत्ययांनी काळ दाखवायचा होता, दुसऱ्याच्या मते क्रिया चालू आहे की पुरी झाली हे दाखवायचे होते. भूतकाळातल्या एकदाच घडून संपलेल्या घटनेसाठी कोणता प्रत्यय घ्यावा, यावर इतकी वर्षे रण माजले की अखेर 1967 मध्ये एस्पेरांतोच्या अकादमीला निर्णय द्यावा लागला, आणि तो पूर्णतेच्या, म्हणजे 'इता' च्या बाजूने गेला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. 'बांधले जात होते' आणि 'बांधून झाले होते' हा भेद आपण वेगळी रचना वापरून करतो, आणि ही दुसरी रचना आपल्या शाळांत समापन कर्मणी म्हणून शिकवतात. ज्या भाषेत क्रियेचा पूर्णपणा दाखवणे महत्त्वाचे आहे तिने तो कर्मणीत कसा दाखवायचा हे आधीच ठरवलेले बरे, असा बोध मी त्या वादातून घेतला.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एवढा वाद ज्या रचनेवर झाला ती एस्पेरांतो बोलणारे फारशी वापरतच नाहीत. भाषेत कर्माला 'न' हा प्रत्यय आहे. 'ला लिब्रोन लेगिस पेत्रो' म्हणजे पुस्तक वाचले ते पेत्रोने. कर्म नुसते पुढे आणले तरी अर्थ बिघडत नाही. 'ओनी' हे अनिश्चित सर्वनाम आहे, आणि 'इज' हा प्रत्यय लावून सकर्मक धातूचा अकर्मक करता येतो, आपल्या उघडणे आणि फुटणे यांच्यासारखा. अशी तीन साधने हाताशी असल्यावर लांबलचक कर्मणी कोण वापरील? तुमच्या भाषेत प्रत्यय नाहीत आणि क्रम पक्का आहे, त्यामुळे यातली पहिली वाट तुम्हाला बंद आहे. म्हणून तुम्हाला कर्मणीची गरज एस्पेरांतोपेक्षा अधिक आहे, हेही लक्षात घ्यावे.

विसाव्या शतकात भाषा रचणाऱ्यांची दृष्टी बदलली. मार्क ओक्रँड यांनी 'स्टार ट्रेक' चित्रपटांसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेचा कोश 1985 मध्ये आला. तिच्यात कर्मणी नाही, 'लु' हा प्रत्यय आहे आणि तो 'कर्ता अनिश्चित' एवढेच सांगतो. 'विलेग़' म्हणजे मी त्याला पाहतो. त्याला 'लु' लागून 'विलेग़लु' झाले की अर्थ होतो कोणीतरी मला पाहते; 'वि' हा उपसर्ग तोच, पण त्यातला 'मी' आता पाहणारा राहत नाही, पाहिला जाणारा होतो. अकर्मक धातूलाही हा प्रत्यय लागतो. खुर्चीवर कोणी बसले आहे का, हे विचारताना क्लिंगॉनमध्ये 'खुर्चीवर बसले जाते का' अशी रचना करतात. आमच्या सरांना हा भावे प्रयोग ओळखीचा वाटेल. पॉल फ्रॉमर यांनी 2009 च्या 'अवतार' चित्रपटासाठी केलेल्या नावी भाषेतही कर्मणी नाही. तिथे 'फ्को' हे अनिश्चित सर्वनाम ते काम करते, आणि कर्ता व कर्म दोघांनाही प्रत्यय असल्यामुळे शब्दक्रम मोकळा आहे. डेव्हिड पीटरसन यांनी 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेसाठी रचलेल्या दोथ्राकीत मात्र कर्मणी आहे: 'मे नेम नेसा', म्हणजे हे सर्वज्ञात आहे, यातला 'नेम' हा शब्द त्याचीच खूण आहे. सोन्या लँग यांच्या तोकी पोना या अगदी लहान शब्दसंग्रहाच्या भाषेत कर्मणी नाही. तिथे 'माणूस घर बांधतो' असेच म्हणायचे.

लोज्बान या तर्काधिष्ठित भाषेचा मार्ग सर्वांहून निराळा आहे. तिच्यात 'मि प्रामि दो' म्हणजे मी तुझ्यावर प्रेम करतो, आणि 'दो से प्रामि मि' मध्ये 'से' ने फक्त जागांची अदलाबदल होते. कोणी वर चढत नाही, कोणी खाली उतरत नाही. तुमची 'मोळ सुवा-नु दिरे' ही रचना मला 'से' च्या जवळची वाटते. तर्कशास्त्रज्ञांच्या भाषेत ती शोभते. आजीच्या तोंडी ती कृत्रिम वाटण्याचे कारण बहुधा हेच असावे.


जुनी पाटी (गिरगाव)

कलिना यांचा 'खाल्लीस' विषयीचा मुद्दा मला पटला, आणि रचनेचे नाव व रचनेचे कार्य यांत अंतर पडू शकते हेही मान्य आहे. तथापि 'कर्मणी' ही संज्ञा टाकून द्यावी असे मला वाटत नाही. पाणिनीने ती क्रियापद कोणाचा निर्देश करते एवढ्यासाठीच वापरली आहे. मानाची जागा कोणाची, हा प्रश्न त्याने त्या सूत्रात घेतलेलाच नाही. त्या मूळ अर्थाने 'भाकरी केली' ला कर्मणी म्हणण्यात काही चूक नाही. पॅसिव्हसाठी वेगळी संज्ञा आपण करावी. 'कर्मणी' हे नाव पॅसिव्हला देऊ नये.

एक सूचना. आपल्याकडे पाटीवर 'येथे वाहने उभी करू नयेत' असे लिहिलेले असते. त्यातला 'त' वाहनांचे अनेकवचन दाखवतो, आणि कर्ता म्हणजे तुम्ही, आम्ही, सर्वजण. म्हणून तो लिहिलेला नाही. बेटांवरच्या निषेधाच्या आणि रूढीच्या वाक्यांसाठी अशी अकर्तृक रचना ठेवली तर मुलांना ती लगेच ओळखता येईल.


खारफुटी (बोरिवली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढे सविस्तर वाचायला मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

या चर्चेनंतर मी असे ठरवते आहे. धातूला लागणारा 'ए' ठेवायचा, परंतु त्याचा अर्थ 'करणारा सांगायचा नाही' एवढाच. 'मोळ दिरे' म्हणजे जाळे ओढले जाते; ओढणारा सांगायचा असेल तर सरळ 'सुवा मोळ दिर' म्हणावे. हाच 'ए' अकर्मक धातूंनाही लागेल, त्यामुळे 'इथे नाचले जाते' आणि 'इथे पोहू नये' या दोन्ही तऱ्हेची वाक्ये रूढी सांगताना येतील. समुद्र, वारा आणि वस्तूंची झीज यांच्यासाठी दुभाष्या यांनी सुचवल्याप्रमाणे धातूंच्या जोड्या करते आहे: 'कश' म्हणजे तोडणे आणि 'काश' म्हणजे तुटणे. आजी बहुतेक वेळा या दुसऱ्या गटातले धातू वापरील.

'नु' मात्र आता मोकळा झाला आहे आणि तो टाकवत नाही. 'हातून' चा अर्थ त्याला द्यावा का? 'सुवा-नु मोळ काश', म्हणजे कोळ्याच्या हातून जाळे तुटले. 'बाजारातून', 'आईकडून' अशा ठिकाणीही तोच 'नु' चालवता येईल, म्हणजे मुलांना एकच प्रत्यय लक्षात ठेवावा लागेल, असा विचार आहे.


हिरवा तारा (माटुंगा)

'हातून' चा अर्थ अवश्य द्यावा, पण 'कडून' चे ओझे त्याच्यावर टाकू नये. एस्पेरांतोत 'दे' हे अव्यय संबंध, उगम आणि कर्मणीतला कर्ता या तिन्ही ठिकाणी वापरले गेले, आणि ते चित्र अमक्याचे की अमक्याने काढलेले, अशी शंका वारंवार येऊ लागली. शेवटी जिथे संदिग्धता असेल तिथे लोक 'फारे दे' असे लांब रूप वापरू लागले.


कलिना (सांताक्रूझ)

मराठीतही हीच अडचण आहे. 'भावाकडून पत्र आले' मध्ये भाऊ पाठवणारा आहे, 'भावाकडून पत्र लिहिले गेले' मध्ये लिहिणारा, आणि 'मी भावाकडून पत्र लिहून घेतले' मध्ये लिहिणारा भाऊ असला तरी लिहायला लावणारी मी आहे. मराठीत क्रियापद तीन वेगळ्या रूपांत येते म्हणून आपला गोंधळ होत नाही. तुमच्या भाषेत प्रयोजक रूप अजून ठरलेले नसेल तर ते आधी ठरवावे, आणि करायला लावलेल्या माणसासाठी 'नु' हून निराळा प्रत्यय घ्यावा; नाहीतर 'सुवा-नु मोळ कश' या वाक्याचा अर्थ कोळ्याच्या हातून जाळे तोडले गेले, की कोणीतरी कोळ्याकडून ते तोडवून घेतले, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. उगमासाठीही वेगळा प्रत्यय असावा. 'नु' फक्त 'काश' सारख्या अकर्मक धातूंबरोबरच येईल असा नियम केला, तर तो दिसताक्षणी मुलांना कळेल की जे झाले ते कोणी मुद्दाम केलेले नाही.